कान नदीच्या पात्रात

साक्रीला नदी आहे, तिचं नाव कान.
माघ सरत आला की ती ऐकायचं सोडते,
उरते वाळू, दोन डबकी आणि टिटव्या.
तिथं रोज झुंजुमुंजू असताना आम्ही दोघी:
मी, आणि सात महिन्यांची कळणी.

रंग कळण्याच्या भाकरीचा,
तव्यावर जरा जास्त राहिलेल्या.
म्हणून नाव. कळण्याबिळण्याशी
तेव्हा काही संबंध नव्हता.

पहिल्याच आठवड्यात बाभळीच्या बुडातून
तितर उडाला भर्रकन,
आणि माझी हाक हवेत तशीच राहिली,
नमस्काराला हात जोडावेत
अन् समोरच्यानं बघूच नये, तशी.
मी ओरडले. पुन्हा ओरडले.
पलीकडच्या काठावरून एक गुराखी धावत आला,
काय झालं विचारत.
कुत्री नाही आली.

झिपरू ठेलारी मेंढ्या पाजत होता डबक्यावर.
हसला नाही. म्हणाला,
"येवढ्या हाका कशाले उधळतीस बाई?
एक ठेव. तिले मोल राहू दे."

मग तिचं नाव बाजूला ठेवलं.
ते आंघोळीला वापरून झालं होतं, रागावायला,
बांधायला, चप्पल ओढून घ्यायला.
घरातल्या बोलीतला एक शब्द उचलला: आठे.
निंबाला बजावलं, हा आता तुझा नाही.
तो बिचारा पंधरा दिवस
"इथं ये, इथं बस" म्हणत राहिला,
शाळेच्या पुस्तकातून बोलल्यासारखा.

आठे म्हटलं की सुक्या बोंबलाचा तुकडा.
आधी चुलीपाशी. मग ओट्यावर.
मग पात्रात, विहिरीचा जुना दोर पट्ट्याला बांधून,
तीस हात.
सरड्यापासून आली. खारीपासून आली, कुरकुरत.
ठगूबाईच्या कोंबड्यांपासून
आली असं मी ठगूबाईला सांगितलं.

एकदा दुपारभर गेली, परतली ती पाय चाटत,
नाकावर बोराटीचे ओरखडे.
माझा हात वर गेला होता.

आठवलं: दिवेलागणीला आई हाक मारायची,
घरी पोचलं की पाठीत धपाटा.
दुसऱ्या दिवशी त्याच हाकेला
आम्ही चिंचेमागे श्वास धरून बसायचो.
हात खाली आणला. बोंबील दिला. दोन.

झिपरू म्हणाला होता,
पळाल्यावर नाही बोलवायचं.
मांडीत वारा भरतो ना, त्याच्या आधी.
तो आधी केवढा असतो
ते त्यानं चिमटीत दाखवलं होतं, तंबाखूसकट.

त्या सकाळी दोर दवानं भिजून जड झालेला,
म्हणून काठावर टाकून दिला.
हरभरा काढलेल्या रानातून ससा आला,
आला म्हणजे होताच तिथं,
ढेकूळ म्हणून आम्ही ज्याच्याकडे बघत होतो तो.
कळणी थिजली. शेपटी काठीसारखी.
माझं तोंड सुकलेलं, चिमटीएवढी वेळ,
म्हटलं, ओरडून नाही,
भाकरी वाढताना म्हणावं तसं: आठे.

वळली म्हणणं बरोबर नाही.
आधी एक कान वळला.
मग मान. मग उरलेली सगळी,
मागे दोनदा बघत, चुकल्यासारखी, माझ्या पायाशी.

आणि बोंबलाची पुडी घरी, फडताळात.

तिनं माझ्या हाताचा वास घेतला, मग दुसऱ्या हाताचा.
ससा अजून दिसत होता.
देण्यासारखं काय होतं माझ्याजवळ?
चपला हातात घेतल्या आणि मी पळाले,
उलट्या दिशेनं, वाळूतून, वाकडीतिकडी,
सत्तेचाळिसाव्या वर्षी,
आणि ती माझ्या मागे, पदर दातात,
भुंकायचं विसरून.
टिटव्यांनी नदी डोक्यावर घेतली.
गुराखी परत धावत आला.

दुसऱ्या दिवशी मोर दिसला.
दोर पुन्हा बांधलाय.